हातात संहिता, कान समोरच्याकडे

‘मला अभिनय वगैरे काही येत नाही हं’ असे आधीच सांगून जे नाट्यवाचनाच्या गटात येतात, त्यांचे सहसा लवकर जमते. वेळ लागतो तो ‘कॉलेजात गॅदरिंगला मी मुख्य काम केले होते’ असे सांगणाऱ्यांना. पहिल्यांना काही विसरायचे नसते. दुसऱ्यांच्या अंगात हात उंचावून, प्रेक्षकांकडे बघून वाक्य टाकायची जुनी सवय असते. इथे दोन्ही हात संहितेत अडकलेले असतात आणि निम्मी नजर कागदावर असते. नाट्यवाचन म्हणजे अर्धवट बसवलेले नाटक, अशी समजूत करून घेतली की सगळे फसते. तो वेगळाच प्रकार आहे आणि त्याचे कष्टही वेगळे आहेत.

साठीनंतर नवे काही करून बघायचे असेल तर हे धाडस परवडणारे आहे. पाठांतर नाही, रंगभूषा नाही, नेपथ्य नाही, तीन तास उभे राहायचे नाही. आंगिक (हालचाल), वाचिक (बोलणे), आहार्य (वेष-रंगभूषा) आणि सात्त्विक (मनातला भाव) या अभिनयाच्या चार अंगांपैकी आहार्य पूर्ण गळते, आंगिक मानेपुरते उरते, आणि सगळा भार वाचिकावर येतो. ही उणीव नसून मोठी सूट आहे. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या बाई वाचनात वीस वर्षांची नायिका होऊ शकतात आणि ऐकणाऱ्याला ते दोन मिनिटांत खरे वाटू लागते. रंगमंचावर ही मुभा त्यांना कुणी दिली नसती. म्हणून ज्येष्ठांच्या गटाने ज्येष्ठांचीच पात्रे शोधत बसू नये, असे आमचे ठाम मत आहे.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ पहिल्या बैठकीसाठी हमखास सुचवले जाते. मोजकी पात्रे, घरात घडणारे कथानक, सोपी बोली. नाटक उत्तमच आहे, पण सुरुवातीला घेऊ नये. एकाकी म्हातारपणाचे नाटक तसाच अनुभव असलेल्या माणसांनी वाचले की ती पात्र वाचत नाहीत, स्वतःलाच वाचतात. आवाज भरून येतात, वाक्ये गिळली जातात, आणि ऐकणारे अवघडून जमिनीकडे बघत बसतात. गट मुरल्यावर, वर्षभराने, तेच नाटक ताठ आवाजात वाचता येते आणि तेव्हाच ते भिडते.

निवडीची कसोटी एकच: डोळे मिटून ऐकले तर किती उरते? ‘तो मी नव्हेच’ म्हटले की प्रभाकर पणशीकरांचे बदलते वेष आणि फिरता रंगमंच आठवतो. ते दोन्ही काढून घेतले की गंमत निम्म्यावर येते. ‘घाशीराम कोतवाल’मधला माणसांचाच पडदा, नाच आणि गाणे कागदावरून वाचून दाखवता येत नाही. दारे उघडण्या-मिटण्यावर चालणारे फार्स तर हमखास पडतात, कारण हशा दाराला असतो, वाक्याला नसतो. ‘नटसम्राट’ची अडचण निराळी आहे. डॉ. श्रीराम लागूंचे बेलवलकर मराठी कानात इतके पक्के बसले आहेत की वाचणारा नकळत त्यांची नक्कल करतो आणि ऐकणारा मनातल्या मनात तुलना करतो. ज्या नाटकाचा आवाज आधीच ठरून गेला आहे ते पहिल्या वर्षी टाळावे.

सुरुवातीला आम्ही देवलांचे ‘संशयकल्लोळ’ सुचवू. 1916चे नाटक आहे, पण संशयी फाल्गुनराव, त्याच्यावर उलटा संशय घेणारी कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती यांची भांडणे आजही बोलण्यातूनच रंगतात. नाटकातल्या गाण्यांचे, म्हणजे पदांचे, काय करायचे हा प्रश्न येतोच. सगळी गाळावीत. गटात गाता गळा असेल तर एखादे पद पेटीशिवाय, एकच कडवे. ‘पदाचा अर्थ वाचून दाखवू’ हा पर्याय मात्र नको. त्याने प्रवेश थांबतो आणि कुणाचेच भले होत नाही. याच नाटकात वाचनाचा एक नेमका धडा मिळतो. सगळा घोळ एका तसबिरीवरून होतो. रंगमंचावर ती कुणाच्या हातात आहे ते दिसते, वाचनात दिसत नाही. तेव्हा तसबीर हात बदलते त्या प्रत्येक वेळी निवेदकाने ते सांगितलेच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत श्रोते पात्रांपेक्षा जास्त गोंधळतात.

दुसरे नाटक अगदी वेगळे घ्यावे. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचनाला फार चांगले, कारण एकच सभागृह, खोट्या खटल्याचा खेळ, आणि आठ जणांत भागते. पण त्यात एक खाच आहे. खटला रंगत जातो तशी त्यात आरोपी केलेली बेणारे गप्प होत जाते. रंगमंचावर ती गप्प बसलेली दिसते आणि तेच नाटक असते. वाचनात गप्प पात्र नाहीसे होते. उपाय दोन आहेत. बेणारे वाचणाऱ्या बाईंची खुर्ची मधोमध ठेवायची आणि त्यांनी त्या वेळात संहिता मिटून मान वर ठेवायची. आणि निवेदकाने तिच्याविषयीच्या रंगसूचना, बाकीच्या गाळल्या तरी, एकही न गाळता वाचायच्या. एवढे केले की शेवटचे स्वगत येते तेव्हा ते कुठून आले हे श्रोत्याला विचारावे लागत नाही.

रंगसूचनांसाठी वेगळा माणूस हवाच, आणि ते दुय्यम काम समजू नये. गटातला सर्वांत सपाट, स्वच्छ आणि न घाईचा आवाज निवेदकाला द्यावा. आदल्या आठवड्यात पेन्सिल घेऊन बसावे. ‘हसून’, ‘चिडून’, ‘किंचित थांबून’ या सूचना खोडायच्या, कारण त्या वाचणाऱ्याने आवाजात आणायच्या असतात. निवेदक ‘चिडून’ म्हणतो आणि मग वाचणारा चिडतो, हे ऐकायला विनोदी लागते. ‘दार उघडून आत येते’, ‘पत्र फाडतो’, ‘बाहेर गाडी थांबल्याचा आवाज’ हे ठेवायचे. अंकाच्या सुरुवातीचे अर्ध्या पानाचे नेपथ्यवर्णन तीन वाक्यांवर आणायचे: जागा कोणती, वेळ कोणती, कोण कुठे बसले आहे. प्रत्येक संवादाआधी पात्राचे नाव घ्यायची पद्धत काही गटांत आहे. ती मोडावी. पहिल्या प्रवेशात प्रत्येक पात्राची एका वाक्यात ओळख करून दिली आणि वाचणाऱ्याने आपले वाक्य सुरू करताना मान वर केली, की श्रोते आपोआप जुळवून घेतात.

पात्रवाटपावरून गट मोडतात. नाटकावरून भांडणे होत नाहीत, मुख्य भूमिकेवरून होतात. साधा तोडगा असा: एका कागदावर उभ्या रकान्यात पात्रे, आडव्या रकान्यात प्रवेश, आणि जिथे पात्र बोलते तिथे फुली. या तक्त्यावरून दोन गोष्टी चटकन दिसतात. एकाच प्रवेशात भेटणारी दोन पात्रे एका माणसाला देता येत नाहीत, नाहीतर तो स्वतःशीच भांडत बसतो. आणि मोठी भूमिका अंकानुसार दोघा-तिघांत वाटता येते. वाटली तर तसे निवेदकाने अंकाच्या सुरुवातीला जाहीर करावे आणि त्या पात्राची खूण, उपरणे किंवा छत्री, पुढच्याकडे द्यावी. चिठ्ठ्या टाकून वाटप केले तर रुसवे कमी होतात. बायका जास्त आणि पुरुष कमी, अशी बहुतेक गटांची स्थिती असते; बाईंनी पुरुषपात्र वाचायला अजिबात हरकत नसावी. ‘एकच प्याला’तली सिंधू रंगभूमीवर पहिल्यांदा उभी केली ती बालगंधर्वांनी. उलट दिशेने जायला आपण का लाजायचे? फक्त आवाज मुद्दाम जाड करू नये. वाक्याचा वेग आणि तोरा बदलला की पुरे.

आता कागद. निम्म्या अडचणी कागदाच्याच असतात. ग्रंथालयातून आणलेल्या प्रती वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या असल्या तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि ‘कुठल्या पानावर आहात?’ यात दहा मिनिटे जातात. आवृत्ती एकच मिळत नसेल तर प्रत्येक प्रवेशातल्या संवादांना समासात पेन्सिलने क्रमांक टाकावेत, पाच-पाचच्या अंतराने. टंकलिखित प्रत करायची असेल तर ए-फोर कागद, 16 ते 18 पॉइंटची अक्षरे, दीडपट ओळअंतर, एकाच बाजूला छपाई आणि संवाद पान उलटताना तुटणार नाही अशी मांडणी. चकचकीत कागद नको, दिव्याखाली चमकतो. ज्यांना कमी दिसते त्यांनी आपल्या ओळी रंगीत पेनाने भरू नयेत, अक्षर आणखी फिके होते. समासात जाड उभी रेघ ओढावी. आपल्या आधीच्या वाक्यातले शेवटचे तीन शब्द मात्र अधोरेखित करावेत. ते शब्द आले की मान खाली, एरवी मान वर.

चष्म्याची गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जवळच्या नंबराची काच साधारण 35 ते 40 सेंटिमीटरवर वाचायला केलेली असते. संहिता स्टँडवर ठेवली की अंतर वाढते, अक्षरे धूसर होतात आणि वाचणारा पुढे वाकतो. वाकला की छाती दबते, श्वास तोकडा पडतो आणि आवाज जमिनीकडे जातो. मग इतर म्हणतात, ‘जरा मोठ्याने वाचा.’ दुखणे गळ्यात नसून चष्म्यात असते. फाइल हातात धरून छातीच्या उंचीवर आणावी, किंवा संगणकासाठीचा चष्मा वापरून बघावा.

दातांचेही तसेच. नवी कवळी बसवल्यावर स, श आणि चांगला-चाक यांतला च शिटीसारखा वाजतो. रोज दहा मिनिटे वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचला की जीभ नव्या जागा शोधते. वाचनाच्या आदल्या दिवशी नवी कवळी घालून यायचे नाही, एवढे पथ्य. वयाने आवाज बदलतो, बायकांचा थोडा खाली येतो, पुरुषांचा कधी थोडा वर जातो आणि पातळ होतो. तो लपवायला पट्टी चढवली तर अर्ध्या तासात घसा बसतो. ॲलर्जीच्या आणि इतर काही औषधांनी तोंड कोरडे पडते, तेव्हा प्रत्येकाच्या हाताशी कोमट पाण्याचा पेला असावा. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर तालीम पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि दम संपत येतो तोही तिथेच. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ गिळला गेला की अर्थ उलटा होतो. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की पहिल्या तालमीत फक्त यावरच काम करावे. प्रत्येकाने आपल्या पाच वाक्यांचे शेवटचे दोन शब्द समोरच्या भिंतीवर पोचवायचे. ओरडायचे नाही, पोचवायचे. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवून एक तिरकी रेघ मारावी. पूर्ण थांबायचे तिथे दोन. गडकऱ्यांचे पल्लेदार गद्य या सरावाला नामी आहे, त्यांच्या एका वाक्यात श्वासाच्या चार जागा शोधाव्या लागतात. अख्खे पाच अंकी ‘एकच प्याला’ नको, तळीरामाचा एखादा प्रवेश घ्या.

हे सगळे तंत्र आठवडाभरात कळते. जे शिकायला महिने लागतात ते म्हणजे ऐकणे. नवखा वाचक आपल्या पुढच्या वाक्यावर बोट ठेवून बसतो. समोरचा काय बोलतो ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला फक्त आपली पाळी आली एवढे कळते. मग तो ठरवून आलेल्या सुरात उत्तर देतो. समोरच्याने हळू विचारले तरी हा खेकसतो, कारण घरी सराव करताना तो खेकसलेला असतो. शाळेत धडा वाचायचा सूर येतो तो यातूनच. घरी जास्त सराव केला की हा दोष वाढतो, हे पुष्कळांना पटत नाही. शब्द अडणार नाहीत इतपतच घरी वाचावे, सूर बैठकीत ठरू द्यावा.

एक व्यायाम फार उपयोगी पडतो. दोघांनी समोरासमोर बसायचे, दहा-बारा संवादांचा तुकडा घ्यायचा. वाक्य बोलताना कागदाकडे बघायचे नाही. आधी खाली बघून वाक्य डोळ्यांत घ्यायचे, मान वर करायची, मग बोलायचे. समोरचा बोलत असताना कागदाकडे बघायला सक्त मनाई. सुरुवातीला विलक्षण संथ चालते, लोक कंटाळतात, हसतात. चार-पाच बैठकांनंतर थांबे आपोआप आखूड होतात आणि जे उरतात ते खऱ्या बोलण्यातले असतात. वाक्य हुकले तर माफी मागून नाटक थांबवू नये, पुढचे वाक्य घ्यावे. श्रोत्यांकडे संहिता नसते.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांचे काय? वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, म्हणून स, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द ऐकू येऊनही कळत नाही. अशा वाचकाला ओळीच्या टोकाला बसवू नये. खुर्च्या घोड्याच्या नालाच्या आकारात मांडाव्यात आणि त्याला अशा जागी बसवावे की सगळ्यांचे ओठ दिसतील. शेजाऱ्याने कोपराने डिवचायची पद्धत बंद करावी. संहितेवरची अधोरेखित खूण पुरते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना छतावरच्या पंख्याची घरघर फार त्रास देते.

पंखा हा तसाही या कलेचा शत्रू आहे. पाने उडतात, आवाज फाटतो. सोसायटीच्या हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे घुमते. खाली सतरंजी आणि खिडक्यांना पडदे एवढ्यानेही फरक पडतो. वीस-पंचवीस श्रोत्यांपर्यंत माइक घेऊच नये. त्याहून जास्त असतील तर हातोहाती फिरणारा माइक नको, स्टँडवरचे दोन-तीन हवेत, तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. पाने पिनांनी बांधू नयेत. सुटी ठेवून वाचलेले पान अलगद बाजूला सरकवले तर माइकमध्ये खरखर येत नाही. सुटी पाने पडतात तेव्हा मात्र मोठा तमाशा होतो, म्हणून प्रत्येक पानावर ठळक क्रमांक हवाच.

वेळेचा हिशेब असा धरावा: सर्वसाधारण छापील पानाला दीड ते दोन मिनिटे. म्हणजे शंभर पानांच्या नाटकाला तीन तास सहज. एवढे कुणी बसून ऐकत नाही, आणि 45-50 मिनिटांनी या वयात उठावेच लागते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. जाहीर वाचन दीड तासात बसवावे, मध्ये पंधरा मिनिटे. काटछाट करताना नोकर-चाकरांची ये-जा आणि दुसऱ्यांदा सांगितलेली माहिती आधी जाते. विनोदातली पुनरुक्ती कापू नये, हशा तिसऱ्या वेळीच येतो. आणि कापलेल्या वाक्याचा पुढे कुणी उल्लेख करत नाही ना, हे शेवटपर्यंत तपासावे. पहिल्या अंकातले पत्र गाळले आणि तिसऱ्या अंकात ते सापडले, असे होते. पंधरा दिवसांनी एक या हिशेबाने चार बैठका पुरतात. पहिलीत न थांबता सपाट वाचन, दुसरीत काटछाट आणि उच्चार, तिसरीत थांबे आणि वेग, चौथी माइक आणि खुर्च्यांसह.

परदेशातल्या मुलाबाळांना किंवा मित्रांना व्हिडिओ कॉलवर वाचायला घेता येते, पण आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे भांडणाचे प्रवेश बसत नाहीत. पत्रांतून घडणारी किंवा मोठ्या स्वगतांची नाटके तिथे चालतात.

परवानगीचे कोडे दिसते तेवढे अवघड नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. देवल 1916ला आणि गडकरी 1919ला गेले, त्यांची नाटके मोकळी आहेत. खाडिलकरांचीही. अत्रे 1969ला गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवर 2029च्या अखेरपर्यंत हक्क आहे. अनुवादित नाटक असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, पण ती सादरीकरणाला आहे. अख्ख्या पुस्तकाच्या दहा झेरॉक्स काढायला नाही. म्हणून हक्कातल्या नाटकाच्या प्रती विकत घ्याव्यात, नाटकांची पुस्तके फार महाग नसतात. सूट असली तरी लेखकाला किंवा वारसांना पत्र पाठवणे हे साधे सौजन्य आहे. तिकीट लावले की मात्र लेखी परवानगी, मानधन, आणि नाटके तपासून मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी, हे सगळे ओघाने आले. चहापाण्यासाठी दाराशी डबा ठेवायचा असेल तर तोही वाचन झाल्यावर, ऐच्छिक म्हणून.

वाचन संपल्यावर भाषणे नकोत. श्रोत्यांना एकच विचारावे: कुठे कळले नाही? ‘छान झाले’ याचा उपयोग नसतो. ‘दुसऱ्या अंकात तो मुलगा कधी आला ते समजले नाही’ याचा असतो. ती निवेदकाची राहून गेलेली सूचना असते. उठण्यापूर्वी पुढचे नाटक ठरवून प्रती वाटून टाकाव्यात आणि या खेपेला ज्याच्या वाट्याला तीनच वाक्ये आली त्याला पुढच्या वेळी पहिली निवड द्यावी.